मशेरी सुटावी म्हणून 2 मिलिग्रॅमची निकोटीन च्युइंगम: घ्यावी का?

या च्युइंगमच्या पाकिटावरचा सगळा मजकूर सिगारेटवाल्याला डोळ्यापुढे ठेवून लिहिलेला असतो. पण आपल्याकडे जिला तिची सर्वात जास्त गरज आहे, ती बाई म्हणते, "मी कुठं तंबाखू खाते? नुसती दातांना मशेरी लावते." मशेरी म्हणजे तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच. भाजली तरी तिच्यात निकोटीन उरतं आणि हिरड्यांतून रक्तात उतरतं.

त्यामुळे आधी सवय ओळखायची. दात घासायला दोन मिनिटं पुरतात. डबी घेऊन कोणी पंधरा-वीस मिनिटं मोरीपाशी बसत असेल, तेही दिवसातून तीन-चार वेळा, तर ते दात घासणं नव्हे. तर्जनीचं टोक काळपट असतं. लग्नाला जाताना एखादवेळी टूथब्रश घरी राहील, डबी राहत नाही. उपासालाही ती चालते. डबी संपली की दुपारपर्यंत डोकं चढतं, चिडचिड होते. आणि हमखास खूण म्हणजे "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही". निकोटीन आतड्यांना चालना देतं, म्हणून हे खोटंही नसतं.

आता च्युइंगमबद्दल. 2 मिलिग्रॅमची चिठ्ठीशिवाय मिळते, 4 ची डॉक्टरांनी लिहून द्यावी लागते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर 4, हा सिगारेटसाठीचा ठोकताळा. मशेरीसाठी असं सरळ गणित नाही. डोळे उघडताच डबी शोधणाऱ्यांनी डॉक्टरांनाच विचारावं.

बहुतेकांचं बिनसतं ते चावण्यात. साध्या च्युइंगमसारखी भराभर चावली की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं. तिथून रक्तात पोचण्याआधीच यकृत त्यातलं बरंचसं निकामी करतं. वर उचक्या, मळमळ आणि जळजळ. मग "मला नाही मानवली" म्हणत पाकीट फडताळात जातं. तोंडात मिरमिर जाणवेपर्यंतच सावकाश चावा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये सरकवून गप्प बसा. मिरमिर ओसरली की पुन्हा दोन-चारदा चावा, पुन्हा ठेवा, जागा बदलून. एक गोळी साधारण अर्धा तास चालते. तंबाखूची चिमूट गालात धरायची सवय असलेल्यांना हे शिकवावंच लागत नाही!

दुसरी अडचण चहाची. चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक यांनी तोंडातला आंबटपणा वाढतो आणि निकोटीन नीट शोषलं जात नाही. म्हणून गोळीच्या आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही नको. सकाळी मशेरीच्या जागी गोळी आणि ती टाकल्यावर चहा, हा क्रम बसवायला आठवडा जातो.

पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन चार ते आठ तासांनी. दिवसाला 24 च्या वर कधीच नाही. आठवड्याभरात तलफ उतरली म्हणून गोळी बंद करणं ही नेहमीची चूक. वर मशेरी चालू ठेवून मधूनमधून गोळी खाणं म्हणजे नुसता खर्च.

च्युइंगमला न जमणारी गोष्टही आहे. बोटाने घासत निवांत बसण्याची ती वेळ तिच्याने भरून निघत नाही. त्यासाठी बोटाला साधं दंतमंजन द्या, घटकांची यादी वाचून. मंजनात तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे. पोटासाठी कोमट पाणी, फेरफटका, रात्री इसबगोल. पहिले दोन आठवडे त्रास होईल, हे घरच्यांनी धरूनच चालावं.

कवळी असेल तर घेऊ नका, चिकटते. गरोदर बाई, हृदयविकार किंवा तोंडात न भरणारी जखम असेल तर आधी डॉक्टर. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, मुलं खाऊ समजून खातात.

आमच्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण पाकिटावर मशेरीचा शब्दही नाही म्हणून कापला, उरलेला एक त्या चवीचा. 1800-11-2356 या सरकारी मोफत क्रमांकावर समुपदेशक मिळतात. पहिली गोळी तोंडात घालण्याआधी तिथे फोन करून घ्या आणि विचारलं तर "मशेरी" असंच सांगा, "दंतमंजन" नको.