मचूळ पाण्याचा टँक, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या गणपतीनंतर टँक लावला, आता मे आला, म्हणजे पावसाळ्याची शेपटी, थंडी आणि हा कळव्याचा उन्हाळा असं सगळं बघून झालंय, म्हणून आता लिहितोय.

टँक साधा २ फुटी, पाणी साधारण ५५ लिटर, स्पंज फिल्टर, तळाला कोरलचा चुरा. हे करायचं कारण म्हणजे बम्बलबी गोबी. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे, बोटाच्या पेराएवढे मासे, दुकानात गोड्या पाण्यात ठेवलेले असतात आणि गोड्या पाण्यातलेच म्हणून विकतात. दोन वर्षांपूर्वी मी असेच ६ आणले, मॉली माशांच्या शेजारी साध्या टँकमध्ये सोडले आणि महिन्याभरात एकेक करून सगळे गेले. ते फार लागलं मनाला. नंतर कळलं की ह्यांना थोडं मचूळ पाणी मानवतं, आणि तोंडासमोर हलणारं खाणं लागतं, कोरड्या दाण्यांकडे ते ढुंकूनही बघत नाहीत.

आता मीठ. घरातलं मीठ चालत नाही आणि दुकानात 'ॲक्वेरियम सॉल्ट' म्हणून मिळतं तेही चालत नाही, मरीन सॉल्टच (समुद्री माशांच्या टँकसाठीचं मीठ) लागतं, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे सगळं असतं आणि पीएच ८ च्या आसपास टिकून राहतो. पाणी किती खारट ते त्याच्या विशिष्ट गुरुत्वावरून मोजतात, साधं पाणी १.०००. समुद्राचं पाणी १.०२५ धरलं तर आपल्याला १.००५ पुरे, म्हणजे लिटरला साधारण ८ ग्रॅम. चमच्याने मोजू नका, किचनमधला वजनकाटा घ्या. मी १२ लिटरच्या बादलीत ९६ ग्रॅम टाकतो, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून रात्रभर फिरू देतो आणि सकाळी पाणी बदलतो. मीठ कधीही डायरेक्ट टँकमध्ये ओतायचं नाही.

सुरुवातीला मी हे गुरुत्व मोजायला काट्यावालं प्लॅस्टिकचं हायड्रोमीटर घेतलं आणि तिथेच फसलो. रीडिंग १.००५ येत होतं, मी निवांत, पण गोबी दिवसभर नळकांड्यात बसून, पट्टे फिके पडलेले. काट्याला बारीक बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो आणि रीडिंग जास्त दाखवतो हे मला कुठे माहीत. शेवटी दीड हजाराचा रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवतो) मागवला, डिस्टिल्ड वॉटरने शून्यावर आणला आणि बघतो तर १.००२! मग आठवड्याला एकेक पॉइंट (०.००१) करत तीन आठवड्यांत वर आणलं, घाई केली असती तर माशांच्या घाणीतला अमोनिया संपवणारे फिल्टरमधले बॅक्टेरियाच गेले असते, आणि ह्या पीएचला अमोनिया जास्त विषारी पडतो. चौथ्या आठवड्यात गोबी पुढच्या काचेवर येऊन बसायला लागले, पट्टे एकदम काळेकुट्ट. पैसे कुठे वाचवायचे ते वाचवा, पण रिफ्रॅक्टोमीटरवर नको.

उन्हाळ्यात पंखा चालू असला की दिवसाला अर्धा लिटर तरी पाणी उडतं, पण मीठ उडत नाही, म्हणून रोजची भर क्लोरीन काढलेल्या साध्या पाण्याची. मीठवालं पाणी फक्त पाणी बदलताना. ही एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कारण गावाला गेलात की दुसरंच कोणीतरी पाणी घालणार.

तक्रार म्हणाल तर झाकणाच्या कडेला मिठाची पांढरी पापडी धरते, दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसावी लागते, आणि लोखंडी स्टँड सहा महिन्यांत गंजला. लाकडी किंवा कडाप्प्याचा ओटा बरा. झाडांमध्ये जावा फर्न आणि व्हॅलिसनेरिया तगले, बाकीची सगळी विरघळली.

जानेवारीत ४ ऑरेंज क्रोमाइड मासे आणले. आई मालवणकडची, ती बघताक्षणी म्हणाली, "अरे, हे तर कालुंदराच्या जातीतले दिसतायत!" बरोबरच होतं तिचं, कालुंदर म्हणजे खाडीतला खायचा मासा, हा त्याचाच लहान भाऊ, ३ इंचाच्या आसपास थांबतो म्हणून २ फुटात चालतो, कालुंदर स्वतः ह्या टँकमध्ये ठेवणं म्हणजे त्याचे हाल. मार्चमध्ये एका जोडीने कुंडीच्या खापरावर अंडी घातली, प्रत्येक अंडं बारीक देठाला लटकलेलं, आणि आईबाप आळीपाळीने परांनी वारा घालतायत. पाचव्या दिवशी पिल्लं फुटली, नंतर ती मोठ्यांच्या अंगावरचा चिकटा टोचून खायला लागली, बापाच्या कुशीला टिंबं चिकटल्यासारखी दिसायची आणि तो अजिबात हलायचा नाही. मी ऑफिसला उशिरा गेलो त्या दिवशी.

पण त्या काळात जोडीने गोबींना कोपऱ्यात कोंडून ठेवलं, म्हणून ते आणि उरलेले दोन क्रोमाइड वेगळ्या टँकमध्ये हलवावे लागले. दोन्ही जाती एकत्र ठेवायच्या असतील तर हे आधीच धरून चला. आणि दुकानदार स्कॅट नावाचा मासा दाखवेल, ठिपक्यांचं पिल्लू दिसायला गोड असतं पण ते फूटभर वाढतं, घेऊ नका.

खाण्याचं म्हणाल तर फ्रोजन ब्लडवर्म (लाल अळ्या) रोज थोडे, आणि घरी अंड्यांतून फोडलेला आर्टेमिया (बारीक खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा जीव) आठवड्यातून दोनदा.

पिल्लं आता नखाएवढी झालीत, ११ उरलीत. ठाणे-कळव्याकडे कोणाचा मचूळ पाण्याचा टँक आधीपासून चालू असेल तर ५-६ द्यायला तयार आहे, पैसे नकोत, फक्त आधी तुमचं रीडिंग सांगा.