‘लाइफटाइम फ्री डिश’ म्हणून आमच्या घरात जे बसवलं गेलं

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमच्या इमारतीत ‘सरकारी फ्री डिश’ या नावाखाली जे विकलं गेलं, ते सरकारी नव्हतं आणि फ्रीही नव्हतं. माझ्या सासूबाईंकडून, म्हणजे आईंकडून, ३,८०० रुपये घेतले. खालच्या मजल्यावरच्या दोन घरांतूनही जवळपास तेवढेच उकळले. आता तो माणूस फोन उचलत नाही. तोच किंवा त्याच्यासारखा दुसरा कोणी उद्या तुमच्या दारात उभा राहू शकतो, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमच्याकडे आधी डीटीएच होतं. महिन्याला तीनशेच्या वर रिचार्ज, आणि बघणारी माणसं दोनच: संध्याकाळच्या मालिका आईंच्या, बातम्या आणि क्रिकेट अण्णांचं. मुलं मोबाइलवरच असतात. पॅक कमी करायचा, की डीटीएच काढून दूरदर्शनची मोफत फ्री डिशच लावायची, असं घरात बरेच दिवस चाललं होतं. अशी चर्चा आज कितीतरी घरांत चालू आहे आणि हे लोक नेमकी तीच हेरतात.

तो आला दुपारी, घरात आई, अण्णा आणि माझी मुलगी असताना. गळ्यात तिरंगी पट्टीचं ओळखपत्र, हातात पावतीपुस्तक. आईंना म्हणाला, “मावशी, केबल, डीटीएच सगळं आता बंद होत आलंय. सरकारने फ्री डिश कंपल्सरी केली आहे. २०१२ साली घरोघरी बॉक्स घ्यावाच लागला होता ना? तसंच समजा.” या एका वाक्याने काम केलं, कारण त्यातलं अर्धं खरं आहे. ३१ ऑक्टोबर २०१२ या मुदतीनंतर मुंबईत जुनी अ‍ॅनालॉग केबल बंद झाली आणि सेट टॉप बॉक्स घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, हे आईंच्या पक्कं लक्षात आहे. उरलेलं अर्धं मात्र शुद्ध खोटं. फ्री डिश कोणावरही सक्तीची नाही आणि ती विकायला सरकार दारोदार माणसं पाठवत नाही.

आईंनी त्याला नेमका हवा तो प्रश्न विचारला होता: झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी दिसेल का? “सगळं दिसेल मावशी. एकदाच पैसे, लाइफटाइम.” दोन हजार रोख घेतले आणि १,८०० अण्णांच्या मोबाइलवरून स्कॅन करून घेतले. पैसे गेले ते पावतीवर छापलेल्या नावाच्या खात्यावर नाही, भलत्याच एका व्यक्तीच्या खात्यावर. पावती पिवळी, वर उपग्रहाचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत ‘लाइफटाइम फ्री’. दुकानाचा पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही, बॉक्सचा सिरीयल नंबर नाही, वॉरंटीचा उल्लेख नाही. खाली फक्त एक मोबाइल नंबर.

दोन पोरं गच्चीवर गेली आणि तासाभरात डिश लावून आली. जाताना त्यांनी माझ्या मुलीकडून घरच्या वायफायचा पासवर्ड मागून घेतला. “बॉक्स अपडेट व्हायला लागतो,” म्हणाले. संध्याकाळी मी बॉक्सच्या मागे पाहिलं तर यूएसबीच्या खाचेत करंगळीच्या नखाएवढं वायफाय डाँगल, म्हणजे बॉक्सला इंटरनेटशी जोडणारं यंत्र, खोचलेलं होतं, निळा दिवा लुकलुकत होता. गच्चीवर डिशच्या दांडीवर एक सोडून दोन एलएनबी (उपग्रहाचा सिग्नल पकडणारा डिशपुढचा भाग) शेजारी शेजारी बांधलेले, आणि दोन्हींच्या वायरी एका डबीत जाऊन तिथून एकच वायर खाली आलेली.

फ्री डिशला यातलं काहीही लागत नाही, म्हणून या दोन खुणा नीट लक्षात ठेवा. दूरदर्शनची फ्री डिश जीसॅट-१५ या एकाच उपग्रहावरून येते. तो ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे मुंबईतून डिशचं तोंड आग्नेयेला, बऱ्यापैकी वर करून ठेवावं लागतं. एक डिश, एक एलएनबी, एक वायर, एक बॉक्स. इंटरनेटचा संबंधच नाही. दुसरा एलएनबी दुसऱ्या उपग्रहासाठी असतो, आणि आमच्या गच्चीवरचा दुसरा होता पैसे भरून बघायच्या एका डीटीएच सेवेच्या उपग्रहासाठी.

पुढे काय झालं हे ओळखणं कठीण नाही. सुरुवातीला सगळे चॅनल दिसले, आई खूश. मग ऐन मालिकेत चित्र थिजायला लागलं. आवाज अडखळायचा, काही सेकंदांनी परत सुरळीत. पाऊस नसतानाही व्हायचं. एका संध्याकाळी सगळ्या पेड मराठी वाहिन्या एकदम काळ्या पडल्या आणि पडद्यावर ‘स्क्रॅम्बल्ड’ असा शब्द आला. सह्याद्री मात्र स्वच्छ दिसत होतं.

मी फोन लावला. “ताई, सर्व्हर चेंज झालाय. आठशे पाठवा, वर्षभर बघायला नको.” मी म्हटलं, तुम्ही लाइफटाइम सांगितलं होतं. “डिश लाइफटाइम आहे ना. सर्व्हरचं वेगळं असतं.” पावतीवर यातलं काही लिहिलेलं नाही, पैसे परत करा, असं म्हटल्यावर त्याने फोन ठेवला. त्यानंतर माझाच काय, अण्णांचा नंबरही त्याने उचलला नाही.

खरा प्रकार समजला तो शेजारच्या इमारतीत वर्षानुवर्षं डिशची कामं करणाऱ्या एका ओळखीच्या मेकॅनिककडून. डाँगल पाहताक्षणी तो म्हणाला, “वहिनी, हे सर्व्हरवरचं आहे, कार्ड शेअरिंग.” पेड चॅनल कुलूपबंद येतात. ते उघडणारी सांकेतिक किल्ली दर काही सेकंदांनी बदलते आणि ती कंपनीच्या खऱ्या कार्डातूनच मिळते. हे लोक एक खरं कनेक्शन घेतात, त्याच्या कार्डातून निघणारी किल्ली इंटरनेटवरून भलत्याच बॉक्सना पुरवतात आणि त्याचे पैसे खातात. किल्ली यायला जरा उशीर झाला की चित्र थिजतं, आणि कंपनीने ते कार्ड बंद केलं की सगळ्यांचं एकदम काळं. ही उघड चोरी आहे. वाईट याचं वाटतं की ज्यांनी प्रामाणिकपणे, पावती घेऊन पैसे मोजले, त्यांच्याच घरात चोरीचा माल बसवला गेला. कंपनीकडे तक्रार करायची म्हटलं तर तिच्या लेखी आपण ग्राहकच नाही. शिवाय कोणा अनोळखी माणसाने दिलेलं यंत्र आपल्या घरच्या वायफायवर रात्रंदिवस जोडलेलं राहतं, ज्या वायफायवर आपण बँकेचे व्यवहार करतो. आम्ही त्याच रात्री डाँगल काढलं आणि पासवर्ड बदलला. तुमच्याकडे असं काही असेल तर तेवढं आजच करा.

एवढं झालं म्हणून फ्री डिशलाच नावं ठेवू नका, ती सेवा खरी आहे आणि चांगली आहे. डिसेंबर २००४ मध्ये ती ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ३३ वाहिन्यांवर सुरू झाली. ती प्रसार भारती चालवते आणि महिन्याचा एक रुपयाही घेत नाही. खर्च एकदाच, डिश आणि बॉक्सचा, साधारण दोन हजारांच्या आत. आमच्याकडून घेतले त्याच्या निम्मेच म्हणा. सह्याद्री आहे, दूरदर्शनच्या बाकीच्या वाहिन्या आहेत, बातम्या, हिंदी सिनेमे आणि काही मोफत मराठी वाहिन्याही आहेत. अण्णांसारख्यांना आणखी एक फायदा: २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर झालेले सामने खाजगी प्रक्षेपकाला दूरदर्शनला द्यावे लागतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर ते चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दिसतं, खाजगी डीटीएचवरच्या दूरदर्शन वाहिनीवर नाही.

पण ज्या मालिकांसाठी आपल्या घरातल्या बायका सातला टीव्हीसमोर बसतात, त्या झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या वाहिन्या पेड आहेत. त्या फ्री डिशवर नाहीत. कोणी कितीही छातीठोकपणे सांगो, त्या फुकट दाखवायचा कायदेशीर मार्ग त्याच्याकडे नाही. आणि ‘लाइफटाइम’ हा शब्द तर खुद्द प्रसार भारतीही खाजगी वाहिन्यांबद्दल देऊ शकत नाही, कारण फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव होतो आणि वाहिन्या येत-जात राहतात. मोठ्या वाहिनी-समूहांनी २०१९ मध्ये आपल्या मोफत हिंदी वाहिन्या तिथून काढल्या, २०२० मध्ये परत आणल्या, एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. तेव्हा ‘सगळे चॅनल, कायमचे’ हे शब्द कानावर पडले की तिथेच दार लावून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरात पेड वाहिन्या हव्याच असतील तर पैसे भरून घेण्याला पर्याय नाही, पण ते कमी भरता येतात. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१९ च्या नियमांपासून आपल्याला हवे ते चॅनल सुटे निवडता येतात, कंपनीचा भलामोठा पॅक घेण्याची सक्ती नाही. आधी नेटवर्कचं भाडं २०० वाहिन्यांपर्यंत जास्तीत जास्त १३० रुपये अधिक कर असं बांधलेलं होतं. जुलै २०२४ मध्ये ती मर्यादा उठली, म्हणून आपली कंपनी किती लावते ते आता विचारूनच घ्यावं लागतं. आम्ही आईंसाठी जुनं कनेक्शन परत चालू केलं, लागणाऱ्या मोजक्या मराठी वाहिन्या सुट्या निवडल्या आणि महिन्याचा खर्च सव्वादोनशेच्या आसपास आला. मेकॅनिककडून दुसरा एलएनबी काढून घेऊन तोच बॉक्स नव्याने स्कॅन करवला, आणि अण्णांच्या खोलीतल्या टीव्हीवर आता खरीखुरी फ्री डिश चालते. हे सगळं त्या माणसाला दिलेल्या ३,८०० रुपयांच्या वर पडतं, हे खरं आहे. पण ते उद्या सकाळीही चालू असेल.

फ्री डिश घ्यायचीच असेल तर आपण दुकानात जावं, दुकान आपल्या दारात येऊ देऊ नये. लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या स्टेशनजवळच्या ओळखीच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे बॉक्स उघडपणे मिळतात. पक्कं बिल घ्यावं, त्यावर जीएसटी क्रमांक, बॉक्सचा मॉडेल आणि सिरीयल नंबर असावा. दिवसभर घरात एकटी असणारी वडीलधारी माणसं असतील तर त्यांना आजच सांगून ठेवा, कारण हे लोक मुद्दाम दुपारचीच वेळ धरतात. आणि आईंसारख्यांना रागावू नका. समोरचा गोड बोलून, गळ्यात तिरंगा अडकवून खोटं बोलत होता. गुन्हा त्याचा आहे.

तक्रारीचं सांगते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद केली. तिथे विक्रेत्याचं नाव-पत्ता विचारला आणि आमच्याकडे होता फक्त मोबाइल नंबर, म्हणून बिलाचं एवढं सांगते आहे. यूपीआयने गेलेल्या रकमेसाठी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवलं आणि बँकेलाही लेखी दिलं. हा फोन फसवणूक लक्षात येताच करायचा असतो, जितका उशीर तितके पैसे हाती लागणं कठीण. पोलीस ठाण्यात पावतीची प्रत, यूपीआयच्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि डाँगल-एलएनबीचे फोटो जोडून अर्ज दिला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक येते, अर्जात तसा उल्लेख केला. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, पण तिथेही समोरच्याचा पत्ता लागतोच. तो आम्ही शोधतो आहोत.

आमच्या इमारतीतली तिन्ही घरं आता एकत्र अर्ज करणार आहेत. कन्नमवार नगर, टागोर नगर किंवा आसपास कोणाकडे उपग्रहाचं चित्र असलेली तीच पिवळी पावती असेल, तर ती फेकू नका, बॉक्स भंगारात देऊ नका आणि डाँगल काढून पाकिटात ठेवा. पैसे कोणाच्या खात्यावर गेले ते नाव मोबाइलमध्ये पाहून लिहून काढा आणि आपल्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या. चार ठिकाणच्या अर्जांत एकच खातं आलं, तर त्या खात्यावरून माणसापर्यंत पोहोचता येईल.