घरशाळेतल्या लहान मुलांसाठी केळकर संग्रहालय: एका वेळी एकच दालन

चार ते आठ वर्षांच्या मुलांना घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांनी पुण्यात शैक्षणिक सहलीसाठी कुठे जावे, असे कोणी विचारले, तर मी पहिले नाव शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे घेईन. बाजीराव रस्त्यालगतच्या नातूबागेतील ही तीन मजली इमारत बाहेरून फार भव्य वाटत नाही आणि विज्ञान केंद्रांमध्ये असतात तशी हाताने फिरवायची, ओढायची, दाबायची उपकरणेही इथे नाहीत. तरीही इतक्या लहान वयाला मानवणारे दुसरे संग्रहालय मला या शहरात आढळलेले नाही. याचे कारण असे, की इथल्या बहुतेक वस्तू स्वयंपाकघरातल्या, देवघरातल्या, माजघरातल्या आणि न्हाणीघरातल्या आहेत. सहा वर्षांच्या मुलाला राजवंश आणि शतके कळत नाहीत. मात्र भूक, आंघोळ, अंधार आणि खेळ या गोष्टी त्याला नेमक्या कळतात.

कवितालेखनासाठी ‘अज्ञातवासी’ हे नाव घेणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी पत्नी कमलाबाई यांच्या साथीने अनेक दशके गावोगाव हिंडून हा संग्रह जमवला आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वस्तूंची एकूण संख्या वीस हजारांच्या वर आहे. प्रत्यक्ष मांडलेल्या वस्तू त्याच्या लहानशा हिश्शाएवढ्याच आहेत आणि लहान मुलांच्या दृष्टीने त्यासुद्धा पुष्कळच आहेत. संग्रहालयाच्या नावातील राजा म्हणजे केळकरांचा बालवयातच गेलेला मुलगा. हे मुलांना आधी सांगावे की नाही, याबद्दल पालकांमध्ये दोन मते असू शकतात. मी सांगते, कारण एका वडिलांनी आपल्या मुलाच्या आठवणीसाठी हे सारे उभे केले, हे कळल्यावर मुले त्या वस्तूंकडे अधिक आपुलकीने पाहतात, असा माझा अनुभव आहे.

अडकित्त्यांची मांडणी हा या भेटीचा सर्वांत मोलाचा भाग आहे. मोर, घोडे, स्त्री-पुरुषांच्या जोड्या अशा आकारांत घडवलेले पितळी आणि लोखंडी अडकित्ते एकाशेजारी एक मांडलेले आहेत. आकार कितीही बदलला, तरी सांधा, पाते आणि दांड्या या तीन गोष्टी कुठेही बदलत नाहीत. मुलांना प्रत्येक अडकित्त्यातील सांधा शोधायला सांगावे. मोराची मान कुठे संपते आणि दांडी कुठे सुरू होते, हे पाहताना माझी मुलगी एकेका काचेसमोर बराच वेळ उभी राहते आणि शेवटी बोट काचेला टेकवून ‘इथे’ म्हणते. एवढ्या निरीक्षणानंतर घरी आजीचा अडकित्ता आणि एक सुपारी घेऊन मोठ्यांनी प्रयोग करून दाखवावा. सुपारी सांध्याजवळ ठेवली तर ती सहज फुटते आणि तीच सुपारी पात्याच्या टोकाकडे सरकवली तर बराच जास्त जोर लावावा लागतो. टेकू, भार आणि बल हे शब्द मुलांना पुढे कधी तरी शिकायचेच असतात. त्या शब्दांमागचा अनुभव मात्र त्यांच्या पदरी आधीच पडलेला असतो. लिंबू पिळण्याचे यंत्र हाती देऊन ‘यातला सांधा कुठे?’ असे विचारले, की हा पाठ पूर्ण होतो.

वज्र्यांचे दालन मुलांना बहुधा सर्वांत अधिक आवडते. टाचा घासण्याची ही साधी वस्तू. तिचा खालचा भाग खरखरीत असतो आणि वरच्या बाजूला पक्षी, प्राणी नाहीतर माणसांच्या आकृत्या असतात. ती कशासाठी असेल हे आधी सांगू नये, मुलांना तर्क करू द्यावा. कोणी तिला खेळणे म्हणते, कोणी शिक्का म्हणते. खालची खरखर दाखवली, की कोणीतरी आंघोळीपर्यंत पोहोचतेच. त्यानंतर हमखास येणारा प्रश्न फार चांगला असतो: पाय घासायच्या वस्तूवर इतकी नक्षी कशाला? रोजच्या वापराच्या वस्तूही देखण्या असाव्यात असे तेव्हाच्या माणसांना वाटत होते आणि त्यासाठी कारागीर आपला वेळ खर्चत होते, एवढेच उत्तर मुलांना पुरते.

दिव्यांच्या बाबतीत पूर्वतयारी आवश्यक आहे. विजेच्या दिव्याखाली वाढलेल्या मुलाला समई म्हणजे सणावाराची शोभा एवढेच ठाऊक असते. आदल्या संध्याकाळी घरातील दिवे मालवून एकाच निरांजनाच्या उजेडात जेवण करावे आणि कापसाची वात रंगीत पाण्यात सोडून पाणी वर कसे चढते तेही दाखवावे. मग दुसऱ्या दिवशी समया, लामणदिवे आणि हातात धरायचे दिवे पाहताना मुले स्वतःहून तेल कुठे राहते, वात कुठून बाहेर येते, दिवा टांगायचा की उचलून न्यायचा, असे नेमके प्रश्न विचारू लागतात.

पुढील दालनांबद्दल थोडक्यात लिहिते. वाद्ये पाहताना तार, कातडे आणि फुंकर अशी तीन गटांत विभागणी करण्याचा खेळ उत्तम रंगतो. पैठण शैलीतील चित्रे गोष्टीवेल्हाळ मुलांना नक्की दाखवावीत; ही चित्रे एकेक करून पुढे धरत चित्रकथी समाज रामायण-महाभारतातील आख्याने सांगत असे, हे कळले की मुले घरी स्वतःची चित्रे काढून गोष्ट सांगायला बसतात. कोथरूडहून आणून इथे पुन्हा उभारलेला मस्तानी महाल मोठ्यांना ओढ लावतो; सहा वर्षांच्या आतील मुले तिथे फार रमत नाहीत, म्हणून तो पुढच्या भेटीसाठी राखून ठेवला तरी चालेल.

मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. वस्तू काचेआड आहेत आणि त्या तशाच असायला हव्यात. परंतु हात लावल्याशिवाय ज्यांचे समाधान होत नाही अशा तीन वर्षांच्या आतील मुलांना इथे आणण्यात अर्थ नाही. वस्तूंजवळच्या पाट्यांवर प्रामुख्याने नाव, ठिकाण आणि काळ असतो. वापर कसा होत असे, हे पालकानेच सांगावे लागते आणि त्यासाठी आजी-आजोबांपैकी कोणी सोबत असले तर भेटीचे सोने होते. मजले चढायचे असल्याने बाबागाडी घेऊन येणे गैरसोयीचे ठरते. ज्यांना मुलांनी हाताने करून पाहावे असे वाटते, त्यांनी पुणे विद्यापीठाच्या आवारातील आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेचाही विचार जरूर करावा. दोन्ही ठिकाणांचा हेतू वेगळा आहे आणि एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

वेळेच्या बाबतीत घरशाळेतील कुटुंबांना जो मोकळेपणा असतो, त्याचा इथे पुरेपूर लाभ घ्यावा. शाळांच्या सहली मुख्यतः हिवाळ्यात निघतात आणि रांगेने चालत साऱ्या दालनांतून तासाभरात बाहेर पडतात. आपल्याला तशी सक्ती नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी यावे, एकच दालन निवडावे, त्यातील तीन-चार वस्तूंची चित्रे वहीत काढू द्यावीत आणि मूल दमण्याआधी बाहेर पडावे. उरलेले सारे पुन्हा कधी तरी पाहता येते. आलोच आहोत तर सगळे पाहून घेऊ, हा मोठ्यांचा आग्रहच लहान मुलांच्या मनात संग्रहालयांविषयी कंटाळा निर्माण करतो, असे माझे ठाम मत आहे.

ज्यांच्याकडे आणखी एक सकाळ असेल, त्यांनी कसबा पेठेतील तांबट आळीत जावे. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर हातोडीने ठोके घालून केले जाणारे मठारकाम तिथे आजही चालते आणि केळकर संग्रहालयात पाहिलेली भांडी कशी घडत असतील, हे मुलांना डोळ्यांनी पाहता आणि कानांनी ऐकता येते. ठोक्यागणिक पत्रा कडक होत जातो आणि भांड्याला बळकटी येते, हे कारागिराच्या तोंडून ऐकणे मुलांना फार आवडते. ही त्यांची कामाची जागा आहे. त्यामुळे आधी परवानगी घ्यावी, मुलांना भट्टीपासून आणि हत्यारांपासून दूर उभे करावे, फार वेळ अडवू नये आणि जमल्यास एखादे छोटे भांडे विकत घ्यावे. भातुकलीची पितळी भांडी हवी असतील, तर ती परतीच्या वाटेवर तुळशीबागेत मिळतात.