कॉमिकवाल्यांकडून बेसबॉल कार्ड घ्यावं का? हेरिटेजचा माझा अनुभव

मी डॅलसजवळ राहतो आणि गेली बरीच वर्षं हेरिटेज ऑक्शन्स ह्या लिलाव कंपनीकडून कॉमिक्स घेतोय, जास्त करून सत्तरच्या दशकातले स्पायडरमॅन. अमेझिंग स्पायडरमॅन 129, म्हणजे 1974 चा, पनिशर पहिल्यांदा येतो तो अंक, तो पण त्यांच्याकडूनच घेतला. बेसबॉल कार्डांच्या, म्हणजे खेळाडूंचे फोटो असलेल्या, जमवायच्या कार्डांच्या वाटेला मात्र कधी गेलो नव्हतो. मुलगा लिटल लीग (पोरांचं बेसबॉल) खेळायला लागला, त्याला बेस चोरायचं, म्हणजे फटका नसतानाच पुढच्या बेसवर पळायचं वेड, आणि मग घरात रिकी हेंडरसन हे नाव रोज ऐकू यायला लागलं. बेसबॉलमधला बेस चोरण्याचा बादशहा, करिअरमध्ये 1406 बेस चोरले, त्यातले 130 एकट्या 1982 च्या सीझनमध्ये. म्हटलं त्याच्या वाढदिवसाला हेंडरसनचं रूकी (पहिलं) कार्ड घेऊ, टॉप्स कंपनीचं 1980 चं, नंबर 482.

आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी पॅकिंग आणि फोटोवर एवढा का अडून बसतो ते कळेल. 2021 मध्ये कार्डांचे भाव वेड्यासारखे वर गेले तेव्हा बऱ्याच कॉमिकवाल्यांनी कार्डं विकायला काढली. अशाच एका छोट्या ऑक्शनवाल्यांकडून (नाव लिहीत नाही) मी मित्राच्या मुलासाठी एक कार्ड घेतलं होतं. लिस्टिंगला फक्त पुढच्या बाजूचा फोटो, त्यात पण स्लॅबवर (ग्रेड केलेलं कार्ड ज्यात सीलबंद असतं ती प्लास्टिकची डबी) ट्यूबलाइटची चमक. आलं तेव्हा दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, कॉमिकच्या मापाच्या मोठ्या बॉक्समध्ये, कॉमिक पाठवतात तसंच पाठवलेलं. कॉमिक रुंद असतं, ते पुठ्ठ्यात घट्ट बसतं, पण एवढासा जाड प्लास्टिकचा स्लॅब आत इकडून तिकडे आपटत आला आणि एक कोपरा तडकला. माणसं वाईट नव्हती हो, पैसे परत दिले, पण कार्ड म्हणजे काय चीज आहे हेच त्यांना समजलं नव्हतं.

हेरिटेजचं तसं नाही. हे मूळचे नाण्यांवाले, 1976 पासूनचे, कॉमिक्स सुरू केले 2001 मध्ये आणि स्पोर्ट्स त्याच्यानंतर. पण प्रत्येक खात्याला त्या त्या वस्तूतली माणसं बसवली आहेत आणि ते लिस्टिंगमध्ये दिसतं. कार्डाचे पुढून मागून दोन्ही स्कॅन, एवढे मोठे की झूम केलं की कोपऱ्याचा पांढरा झालेला कागद दिसतो. आपण कॉमिकवाले स्पाइन (पिनांची बाजू) बघतो, पानं व्हाइट आहेत की ऑफ-व्हाइट ते बघतो, रिस्टोरेशनचा (दुरुस्ती केल्याचा) जांभळा लेबल नाही ना ते बघतो. कार्डात पहिलं बघायचं सेंटरिंग. चित्राच्या डावीकडची आणि उजवीकडची पांढरी पट्टी सारखी आहे का. 1980 च्या टॉप्समध्ये हीच बोंब आहे, हेंडरसनची कार्डं एका बाजूला सरकलेली खूप सापडतात. आणि कार्डांना 10 पैकी ग्रेड देणाऱ्या पीएसए कंपनीच्या लेबलवर 8 च्या बाजूला ओसी लिहिलं असेल तर सावध व्हा, त्याचा अर्थ ऑफ सेंटर, ते साध्या 8 च्या भावाने घ्यायचं नसतं. मला हे माहीत नव्हतं, सीजीसी (कॉमिक्सना ग्रेड देणारी कंपनी) च्या ग्रेडची सवय, 8 म्हणजे 8 असंच वाटायचं.

मला ते कळलं त्यांच्या जुन्या भावांच्या अर्काइव्हमुळे. फुकट अकाउंट काढा, आणि आजपर्यंत त्यांच्याकडे विकलेलं तेच कार्ड, त्याच ग्रेडचं, कधी कितीला गेलं ते फोटोसकट बघा. मी आठवडाभर रात्री जेवणानंतर मुलाला घेऊन फक्त हेंडरसन बघत बसलो. एकाच ग्रेडची दोन कार्डं, एक मध्यावर आणि एक सरकलेलं, आणि भावात केवढा फरक. ह्या एका गोष्टीसाठी तरी अकाउंट काढाच, विकत काही घेतलं नाही तरी चालेल.

आता बोलीचं. इथे कॉमिकवाला हमखास चुकतो, म्हणून नीट सांगतो. कॉमिकच्या मोठ्या सेलमध्ये लाइव्ह सेशन असतं, लॉट (विकायची एकेक वस्तू) एकामागून एक येतात, आपला आला की बोली लावायची. स्पोर्ट्सच्या कॅटलॉग ऑक्शनमध्ये एक्स्टेंडेड बिडिंग असतं, म्हणजे रात्री 10 च्या आधी (सेंट्रल टाइम) त्या लॉटवर तुमची एक तरी बोली पाहिजे, तरच 10 नंतर खेळता येतं, आणि मग अर्धा तास कोणाचीच बोली आली नाही की लॉट बंद. मी शेवटच्या मिनिटाला बघू म्हणून थांबलो आणि पहिलं कार्ड तिथेच गेलं. नियम साइटवर लिहिलेला होता, मीच वाचला नव्हता. दुसरं एका साप्ताहिक ऑक्शनमध्ये मिळालं.

पैशाचा हिशोब आधी करा. बायर्स प्रीमियम, म्हणजे बोलीच्या वर ऑक्शनवाल्यांना द्यायचे पैसे, 20 टक्क्यांहून कमी धरूच नका. 2022 मध्ये त्यांनी 1952 चं टॉप्स मिकी मँटल 1 कोटी 26 लाख डॉलरला विकलं ना, त्यात हातोडा (शेवटची बोली) पडला 1 कोटी 5 लाखांवर, वरचे 21 लाख प्रीमियम. आपल्या छोट्या लॉटला तर किमान प्रीमियमची अट असते, त्यामुळे स्वस्त कार्डावर तो टक्क्यांत बघितला तर खूपच जास्त बसतो. वर शिपिंग, आणि आमच्या टेक्ससमध्ये सव्वाआठ टक्के सेल्स टॅक्स. साठ-सत्तर डॉलरच्या कार्डासाठी इथे येऊ नका, परवडत नाही, सरळ कार्ड शोला जा आणि हातात घेऊन बघा. मला हा प्रीमियम मनापासून जास्त वाटतो, आणि किमान प्रीमियम साप्ताहिक ऑक्शनला तरी काढायला पाहिजे, कारण नवीन पोरं तिथूनच सुरुवात करतात.

पार्सल आलं ते छोट्या बॉक्समध्ये, स्लॅबला बबल रॅप, हलवून बघितलं तर आवाज नाही. मुलाने उघडलं. कार्डावर हेंडरसन वाकून उभा आहे, त्याची ती खाली बसल्यासारखी बॅटिंगची पोझ, ओकलंडचा ड्रेस. पोराने आधी कंपासमधून फूटपट्टी काढली आणि स्लॅबवर ठेवून दोन्ही बाजूच्या पट्ट्या मोजल्या. "बाबा, डावीकडे थोडी जास्त आहे, पण चालेल." आता ते त्याच्या टेबलावर माझ्या 129 च्या शेजारी उभं आहे.