बॅकअप टनेलचे पैसे भरताय? आधी ‘इनपुट’चा आकडा बघा

ऑफिस एकीकडे, गोडाऊन दुसरीकडे आणि मधल्या ‘टनेल’चं (इंटरनेटवरून दोन जागांची नेटवर्क जोडणारी वाट) बिल दर महिन्याला येतंय, अशा लोकांसाठी हे लिहितोय. आमचं ऑफिस वागळे इस्टेटला, गोडाऊन तुर्भे एमआयडीसीत. स्टॉक आणि बिलिंगचा सर्व्हर ठाण्यात. तुर्भ्याची मुलं टनेलमधून त्यावर काम करतात. हे बसवून देणाऱ्याने (नाव लिहीत नाही, प्रकरण वकिलाकडे आहे) आम्हाला दोन टनेल विकले. एक मेन फायबरवरून, दुसरा वेगळ्या कंपनीच्या लाइनवरून, बॅकअप म्हणून. बॅकअपचे महिन्याला साडेचार हजार, वर १८ टक्के जीएसटी. महिना सरला की पीडीएफ रिपोर्ट यायचा: टनेल १ अप, टनेल २ अप, दोन्हींपुढे हिरवा ठिपका. खाली ट्रॅफिकचा एकच ग्राफ, दोन्ही टनेलची बेरीज करून काढलेला. ती बेरीज कशासाठी होती ते पुढे कळलं.

पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या खोदकामात फायबर तुटली आणि तुर्भ्याचं बिलिंग ठप्प झालं. टेम्पो भरून उभे, ड्रायव्हरांचा तगादा, कुणाच्या तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ई-वे बिलाची खटपट. टनेल बसवून देणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, “सर, आमच्या बाजूने दोन्ही टनेल अप आहेत. तुमच्या लॅनमध्ये (म्हणजे गोडाऊनच्या आतल्या नेटवर्कमध्ये) बघा.”

माझा आतेभाऊ ऐरोलीला नेटवर्कचंच काम करतो. संध्याकाळी तो तुर्भ्याला आला, निळी कन्सोल केबल राउटरला लावली आणि ‘शो इंटरफेस टनेल २’ मारलं. पहिल्या ओळीत खरंच अप, अप. “दादा, या ओळीवर जाऊ नकोस. खालचं वाच,” म्हणाला.

आमचा टनेल जीआरई प्रकारचा. यात दोन टोकांची आधी काही बोलणी होत नाहीत. राउटर पॅकेटवर (डेटाच्या तुकड्यावर) दुसरं वेष्टण चढवतो आणि सोडून देतो. पलीकडे कुणी घेतलं की नाही, याची त्याला खबर नसते. ज्या पोर्टवरून टनेल निघतो तो चालू असला आणि समोरच्या पत्त्याकडे जायचा एखादा रूट, अगदी ‘बाकी सगळं इकडे पाठव’ सांगणारा डिफॉल्ट रूटसुद्धा, असला की आमच्यासारखा सिस्को कंपनीचा राउटर टनेलला ‘अप’ म्हणतो. पलीकडचं टोक जिवंत आहे का हे तपासणारा कीपअलाइव्ह वेगळा चालू करावा लागतो. आमच्याकडे तो केलेलाच नव्हता.

खालच्या ओळी अशा होत्या: लास्ट इनपुट नेव्हर. पॅकेट्स इनपुट (पलीकडून आलेली) शून्य. पॅकेट्स आउटपुट (इकडून गेलेली) एकतीस लाखांच्या वर. आतेभावाने तिथल्या तिथे हिशेब केला. ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवायची पद्धत, तिचा ‘मी आहे’ सांगणारा हॅलो दर १० सेकंदांना एक, म्हणजे दिवसाला ८६४०, वर्षाला साडेएकतीस लाख. राउटर साधारण वर्षभर बंद न होता चालू होता. म्हणजे त्या टनेलमधून आमच्या बिलिंगचं एकही पॅकेट कधी गेलं नव्हतं. एकतर्फी हॅलो-हॅलो तेवढं चाललं होतं. रिपोर्टात दोन्हींची बेरीज का, तेही कळलं: वेगळा ग्राफ असता तर हे दिसलं असतं.

हे फोनवर सांगितल्यावर पहिलं उत्तर आलं, “सर, मागच्या आठवड्यात काउंटर क्लिअर केले होते,” म्हणजे आकडे पुसून शून्यावर आणले होते. त्याच स्क्रीनवर ‘लास्ट क्लिअरिंग’पुढे ‘नेव्हर’ लिहिलेलं. आणि इनपुट पुसला गेला तर आउटपुट कसा राहिला? मग दुसरं उत्तर: “बॅकअप आहे ना, मेन चालू असताना त्यात ट्रॅफिक येणारच नाही.” हे ऐकायला पटतं, म्हणून सांगतो: बॅकअप रिकामा असला तरी समोरच्या राउटरचे हॅलो दर दहा सेकंदांना यायलाच हवेत. इनपुट शून्य असूच शकत नाही.

मग कॉन्फिगरेशन काढलं, आणि इथे मात्र आतेभाऊसुद्धा हसायला लागला. टनेल २ चा डेस्टिनेशन पत्ता होता १९२.०.२.१. हा पत्ता जगात कुणाचाच नसतो, १९२.०.२ ने सुरू होणारे पत्ते पुस्तकांत आणि मॅन्युअलमध्ये उदाहरण द्यायला राखून ठेवलेले आहेत. टनेलचा सोर्स मेन फायबरचाच पोर्ट. फायबर तिकडे रस्त्यावर तुटलेली, पण हातभर अंतरावरचा मीडिया कन्व्हर्टर (फायबर राउटरच्या तारेला जोडणारा डबा) चालू, म्हणून पोर्ट अप आणि दोन्ही टनेलही अप. बॅकअप लाइनसाठी रॅकमध्ये दुसरा कन्व्हर्टर होता, त्याचा पॉवरचा दिवाही लागलेला. त्याची पॅच कॉर्ड मात्र मागे गुंडाळून केबल टायने बांधलेली. ज्या कंपनीची लाइन सांगितली होती तिच्याकडे चौकशी केली, तर आमच्या पत्त्यावर कनेक्शनच नाही. आणखी एक: बिलात ‘एन्क्रिप्टेड’ लिहिलं होतं, पण नुसता जीआरई काहीच एन्क्रिप्ट करत नाही. त्यासाठी आयपीसेक (डेटा कुलूपबंद करणारी वेगळी सोय) लागतं, आणि राउटरवर त्याची एक ओळ नव्हती.

ग्राहक आयोगाचा रस्ता आमच्यासाठी अवघड आहे. २०१९ च्या कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नाही. पोटापुरता स्वतःचा धंदा करणाऱ्याला सूट आहे, आम्ही त्यात मोडत नाही. वकिलांनी पैसे वसुलीची नोटीस पाठवली आहे आणि फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (जुनं चारशेवीस) लावता येईल का ते बघतायत. त्याचेच हिरव्या ठिपक्यांचे पीडीएफ आणि आम्ही कन्सोलवरून उतरवलेला मजकूर, हा पुरावा.

तुमच्याकडे मायक्रोटिक कंपनीचा राउटर असेल तर नुसत्या ‘आर’ (रनिंग) खुणेवर विसंबू नका, आरएक्स, म्हणजे आत आलेल्या डेटाचा आकडा, वाढतोय का बघा. वायरगार्ड प्रकारचा टनेल असेल तर ‘लेटेस्ट हँडशेक’ची (दोन टोकांची शेवटची ओळखपाळख कधी झाली ती) ओळ बघा, कामाच्या वेळात ती दोन-तीन मिनिटांपेक्षा जुनी नसावी, आणि ओळच नसेल तर हँडशेक झालेलाच नाही.

नवीन माणूस शोधताना आम्ही दोनच अटी ठेवल्या: राउटरचा फक्त बघण्यापुरता लॉगिन आमच्याकडे, आणि महिन्यातून एकदा आमच्यासमोर मेन लाइन काढून तुर्भ्याहून बिल बनवून दाखवायचं. पहिल्याने लॉगिनचं ऐकल्यावर पुन्हा फोन उचलला नाही. दुसऱ्याने “चालेल की” म्हणून काम घेतलं. जुन्याने काही महिन्यांची क्रेडिट नोट दिली आहे, बाकीच्या रकमेवर गप्प आहे.