वाटणीआधी घराची किंमत: रेडी रेकनर की व्हॅल्युअर?

अमळनेर-चोपड्याकडचं जुनं धाब्याचं घर भावंडांत वाटायचं, तर किंमत कोणती धरायची?

रेडी रेकनरचा दर, म्हणजे सरकारने ठरवलेला जमीन-बांधकामाचा दर, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतो. पण तो मुद्रांक शुल्कासाठी, अख्ख्या विभागाला मिळून ठरवलेला. जुन्या बांधकामाला घसारा लागतो, म्हणजे वयानुसार किंमत कमी धरतात. सागाचे खांब, तुळया यांची वेगळी किंमत कोणी धरत नाही.

नोंदणीकृत व्हॅल्युअर, म्हणजे मालमत्तेची किंमत काढून देणारा, फी घेतो, पण घरी येऊन टेप लावतो. मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ मागतो, खांब ठोकून वाळवी बघतो, बोळीतून गाडी येते का पाहतो, आजूबाजूचे व्यवहार तपासतो. एक भाऊ घर ठेवून बहिणीला पैसे देणार असेल, तर अहवालच घ्या. सरकारी दर दाखवून बहिणीला कमी पैशांत गुंडाळायचं, हे आपल्याकडे नवीन नाही.

घर बाहेरच विकायचं असेल तर किंमत गिऱ्हाईक ठरवतं. मात्र ते १ एप्रिल २००१ आधी घेतलेलं असेल, तर भांडवली नफ्यासाठी, म्हणजे विक्रीतल्या नफ्यावरच्या करासाठी, १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत धरता येते, आणि ती त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याहून, म्हणजे रेडी रेकनरच्या किमतीहून, जास्त चालत नाही. तिथे रेडी रेकनर आणि व्हॅल्युअरचा अहवाल, दोन्ही कागद काढावे लागतात.