बिनव्याजी हप्ते आणि शून्य ब्लडप्रेशरचे पेशंट

मेडिकलला असताना कोडिंगची हौस लागलेली पोरं कोल्हापुरात बरीच आहेत, आणि राजारामपुरीतल्या एका क्लासवाल्यानं ही नस बरोबर पकडली आहे. नाव देत नाही, तक्रार अजून चालू आहे. पद्धत मात्र सगळी सांगतो, कारण पाटी बदलली तरी ती तीच राहणार.

मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पायथॉनची गोडी पहिल्या वर्षीच लागली. सोडियम, ग्लुकोज आणि युरियाचे आकडे टाकले की सीरम ऑस्मोलॅलिटी, म्हणजे रक्तद्रवात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, काढून देणारा छोटासा प्रोग्राम लिहिला होता. पुस्तकातलं सूत्र बीयूएनवर, म्हणजे युरियातल्या नुसत्या नायट्रोजनच्या आकड्यावर चालतं आणि आपल्याकडच्या लॅबच्या रिपोर्टवर बहुतेक वेळा युरिया असतो. त्याला २.१४ ने भागलं नाही तर उत्तर भलतंच येतं. घोकलेलं सूत्र लिहून काढायला बसलं की अशा खाचाखोचा कळतात. मजा यायची, बस्स. नोकरीबिकरीचा विचारही नव्हता.

जाहिरात आली ती बॅचच्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. डॉक्टरांसाठी एआय, डेमो मोफत, चहा-नाष्टा. डेमोचा पहिला अर्धा तास नुसती भीती घालण्यात गेला. पाच वर्षांत एआय एक्स-रे, स्कॅन वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टपेक्षा सरस ठरेल, त्यांना तयार करणं आता थांबवा, असं एआयचे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते, त्याची क्लिप लावली. याच माणसाला २०२४ मध्ये फिजिक्सचं नोबेल मिळालं, हेही आवर्जून सांगितलं. हिंटननी म्हटलेली पाच वर्षं कधीच उलटली आणि रेडिओलॉजीच्या पीजी सीटवर टॉपर आजही तुटून पडतात, हे मात्र कुणी बोललं नाही.

मग आमिष. कोल्हापूर-सांगलीच्या हॉस्पिटलांशी करार, खऱ्या पेशंटच्या डेटावर प्रोजेक्ट, आणि 'भारत सरकार मान्य' सर्टिफिकेट. ही मान्यता म्हणजे भिंतीवर फ्रेम करून लावलेला उद्यम नोंदणीचा कागद. ही नोंदणी कुठल्याही लहान धंद्याला ऑनलाइन, फुकट आणि स्वतः दिलेल्या माहितीवर मिळते. उद्या रंकाळ्यावरच्या भेळवाल्यानं काढली तर त्यालाही मिळेल. अभ्यासक्रम कसा आहे, शिकवणारा कोण आहे, हे त्यात कुणी तपासत नाही.

फी ५४,००० रुपये. महिन्याला साडेचार हजारांचे बारा हप्ते, बिनव्याजी. काउन्सेलर मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "तुमचं स्वतःचं उत्पन्न नाही ना, म्हणून पप्पांचं पॅन आणि आधार लागेल. नुसती पडताळणी हो." पप्पा गारगोटीकडे शाळेत शिक्षक आहेत. मॅडमनी माझ्यासमोरच त्यांना फोन लावला. मुलगा किती हुशार आहे वगैरे झालं. पप्पांनी सरळ विचारलं, "हे कर्जाचं प्रकरण नाही ना, मॅडम?"

"छे छे सर! फी भागवून भरायची सोय आहे. एक ओटीपी येईल, तेवढा सांगा."

एकाचे तीन ओटीपी झाले. एक आधारचा, एक कर्जाच्या करारावर ई-सहीचा, एक खात्यातून दरमहा आपोआप पैसे कापायच्या मँडेटचा. हे तीन वेगवेगळे होते हे नंतर मेसेज एकाखाली एक लावून वाचल्यावर कळलं. शिक्षक माणूस फोनवर बोलत असतो, समोरून घाई चाललेली असते, आणि मेसेजमधलं इंग्रजी वाचायच्या आत "सर, आला का?" असतंच. सगळी लबाडी त्या घाईत आहे.

क्लास म्हणजे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि शनिवारी एक सर. सर दर थोड्या दिवसांनी बदलायचे. तेही चाललं असतं. पण मग तो गाजलेला प्रोजेक्ट आला. फाईलचं नाव ठेवलं होतं 'कोल्हापूर डायबेटिस डेटा'. आपल्या भागातल्या हॉस्पिटलचे पेशंट आहेत, बाहेर कुणाला पाठवू नका, अशी तंबीही दिली.

फाईल उघडली. ७६८ ओळी. डायस्टोलिक, म्हणजे खालच्या ब्लडप्रेशरच्या रकान्यात कुठे ७२, कुठे ६६, आणि मध्येच शून्य. खाली गेलो, परत शून्य. दोन ओळींचा कोड लिहून मोजले तर ३५ निघाले. बीएमआय शून्य असलेले ११. ग्लुकोज शून्य असलेले ५. इन्सुलिन शून्य असलेले ३७४, म्हणजे जवळजवळ निम्मे. प्रेशर शून्य असलेला माणूस फॉरेन्सिकवाल्यांकडे जातो, डायबेटिसच्या ओपीडीत येत नाही. शिवाय सगळ्या बायकाच, एकही पुरुष नाही, आणि एकीची गर्भारपणं १७. शनिवारच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "डेटा क्लीनिंग पुढच्या मॉड्यूलला आहे. आत्ता अ‍ॅक्युरसी किती आली ते सांग."

पहिल्या ओळीतले आकडे, ६, १४८, ७२, ३५, तसेच्या तसे गुगलवर टाकले. हा पिमा डेटासेट. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात पिमा नावाच्या आदिवासी समाजात मधुमेहाचं प्रमाण फार मोठं आहे. तिथल्या २१ वर्षं आणि त्यावरच्या बायकांच्या या नोंदी, १९८८ च्या एका शोधनिबंधात वापरलेल्या. मोजमाप झालं नाही तिथे शून्य भरलेलं आहे. मशीन लर्निंग शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी यावर हात फिरवतो, आणि कॅगल नावाच्या डेटासेटच्या वेबसाइटवर ती फाईल फुकट मिळते. यांनी फक्त नाव बदललं होतं.

आयसीएमआरचा एसटीएस, म्हणजे मेडिकलच्या विद्यार्थ्यांसाठीचा छोटा संशोधन प्रोजेक्ट केलेला एक सीनियर आहे. त्याला दाखवलं तर तो हसायलाच लागला. "लेका, खरे पेशंट असते तर एथिक्स कमिटीचं, म्हणजे संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीचं पत्र मागायचंस. आम्हाला साधी प्रश्नावली भरून घ्यायची तरी मंजुरी लागते, आणि हे फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर वाटतायत?" तुम्हाला कुणी हॉस्पिटलच्या डेटाचं आमिष दाखवलं तर हे पत्र मागा. बाकी काही विचारलं नाही तरी चालेल.

मी क्लास सोडतो म्हणालो. मॅडम म्हणाल्या, फायनान्सवाल्यांशी बोला. फायनान्सवाले म्हणाले, आम्ही पूर्ण रक्कम क्लासला केव्हाच दिली, हप्ते तुम्ही भरायचे. त्याच सुमारास पप्पा घराच्या दुरुस्तीसाठी बँकेत गेले होते. मॅनेजरनी स्क्रीन बघून विचारलं, "गुरुजी, हे शिक्षणाचं कर्ज कशाला घेतलंत?" पप्पा आयुष्यात कुणाचा रुपया ठेवून न घेणारे. ते घरी येऊन काही बोलले नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग आहे.

कर्जाची कागदपत्रं मागवली तेव्हा सगळ्यात मोठी हातचलाखी दिसली. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे कर्ज देण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं. रक्कम, वार्षिक दर, दंड, आणि ठरावीक दिवसांत मुद्दल व तेवढ्या दिवसांचं व्याज परत करून कर्ज मोडायची सोय, हे सगळं त्यात असतं. ते पाठवलं होतं म्हणे. कुठे? पप्पांच्या नावानं मॅडमनी स्वतः उघडलेल्या जीमेलवर. पप्पांचा खरा मेल वेगळाच आहे. कर्ज मोडायची मुदत त्या कुणी न उघडलेल्या इनबॉक्समध्ये संपून गेली होती.

तो मेल आयडी हाच आमचा पुरावा ठरला. आधी फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी दिलं. तीस दिवसांत धड उत्तर आलं नाही, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली. तिला पैसे लागत नाहीत. त्यानंतर कंपनीचा सूर बदलला. पुढचे हप्ते थांबले आणि क्रेडिट रिपोर्ट दुरुस्त करायचं त्यांनी लेखी कबूल केलं. भरलेले पैसे मात्र क्लासकडून यायचे आहेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, त्यावर क्लासनं उत्तरसुद्धा दिलं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.

कोडिंग सोडलेलं नाही. पायथॉन १९९१ पासून फुकट आहे, हार्वर्डचा सीएस५० हा प्रोग्रामिंगचा कोर्स फुकट बघता येतो, एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चरं आहेत आणि पैसे फक्त परीक्षा द्यायची असेल तरच लागतात. रात्री वॉर्डच्या पोस्टिंगनंतर तासभर बसतो. त्या पिमाच्या फाईलमधली शून्यं बाजूला काढून तीच परत नीट करतोय, चांगली आहे ती.

ज्यांनी अशाच ठिकाणी घरच्यांचे ओटीपी दिलेत त्यांनी एक काम लगेच करा. कर्ज थांबलं तरी ऑटो डेबिटचं मँडेट आपोआप जात नाही. आमच्या पप्पांच्या खात्यावर हप्ते थांबल्यानंतरही ते चालूच दिसत होतं. ज्यांचं खातं आहे त्यांना घेऊन शाखेत जा, लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.